कार्बनचा हिशेब आणि धुराचा हिशेब

मित्रहो, युरोपच्या ऊर्जेचा विषय निघाला की समुद्रातल्या पवनचक्क्या आणि छपरांवरची सौरपॅनेल डोळ्यांसमोर येतात, आणि तिथली हवा स्वच्छ झाली ती याच बदलामुळे, असे आपण गृहीत धरतो. मला आज एवढेच मांडायचे आहे की हे दोन हिशेब वेगळे आहेत. कार्बन घटला म्हणजे धूर घटलाच असे नाही, आणि ज्या काळात धूर सर्वांत वेगाने घटला त्या काळात पवनचक्क्या जवळजवळ नव्हत्याच. हे सांगण्यासाठी मी गंधकापासून सुरुवात करतो. तो भाग लांबेल, पण युरोपने गेल्या शतकात केलेल्या उत्तम कामांपैकी ते एक आहे, असे माझे ठाम मत आहे.

१९५२ च्या डिसेंबरात लंडनवर पाच दिवस कोळशाच्या धुराचे धुके साचून राहिले. त्या वेळच्या अंदाजानुसार सुमारे ४,००० माणसे त्यात दगावली. नंतरच्या अभ्यासांनी हा आकडा १२,००० पर्यंत नेला. १९५६ मध्ये ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला, घरगुती कोळशाच्या धुरावर बंधने आली आणि वीजकेंद्रे अधिकाधिक उंच धुराड्यांनिशी उभी राहू लागली. यॉर्कशरमधील ड्रॅक्स या वीजकेंद्राचे धुराडे २५९ मीटर उंच आहे. चंद्रपूर किंवा कोराडीच्या परिसरात राहिलेल्या श्रोत्यांना अशा धुराड्याची कल्पना वेगळी करून द्यायला नको. धूर उंचावर सोडला की जवळच्या वस्तीतली हवा सुधारते, हे खरे आहे. पण कोळशातले गंधक नाहीसे होत नाही. ते वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जाते, वाटेत त्याचे आम्ल होते आणि पावसाबरोबर ते खाली येते. आपल्या दारातला केर शेजाऱ्याच्या अंगणात लोटावा तसे हे झाले, आणि ते अंगण होते नॉर्वे आणि स्वीडनचे. तिथल्या तळ्यांतले मासे नाहीसे होऊ लागले, दक्षिण नॉर्वेतल्या नद्यांतून सॅमन हा मासा गेला, पण कारण कोणाला नेमके सांगता येईना.

ते सांगता आले ते एका वेगळ्याच कामासाठी ठेवलेल्या नोंदींमुळे. हान्स एग्नेर या स्वीडिश मृदाशास्त्रज्ञांनी १९४० च्या दशकात ठिकठिकाणी पावसाचे पाणी गोळा करून तपासण्याची व्यवस्था सुरू केली होती. पावसातून शेताला किती पोषकद्रव्ये मिळतात, एवढेच त्यांना पाहायचे होते. पुढे हे जाळे इतर देशांतही पसरले आणि नोंदी साठत गेल्या. स्वान्ते ओडेन या दुसऱ्या मृदाशास्त्रज्ञांनी त्या एकत्र मांडल्या, तेव्हा पाऊस वर्षागणिक अधिक आम्लधर्मी होत असल्याचे आणि हे आम्ल सीमा ओलांडून येत असल्याचे दिसले. १९६७ च्या ऑक्टोबरात त्यांनी स्टॉकहोमच्या एका मोठ्या दैनिकात ते जाहीरपणे लिहिले. वर्षानुवर्षे चिकाटीने घेतलेल्या, त्या वेळी कोणाला फारशा महत्त्वाच्या न वाटणाऱ्या मोजमापांचे मोल काय असते, हे मला या घटनेइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसलेले नाही. मोजमापाची केंद्रे खर्चिक म्हणून बंद करावीत असे जेव्हा कोणी सुचवते, तेव्हा मला एग्नेर आठवतात.

१९७२ च्या स्टॉकहोम परिषदेत स्वीडनने हा प्रश्न जगापुढे ठेवला. १९७९ मध्ये जिनिव्हात सीमापार वायुप्रदूषणाविषयीचा करार झाला, आणि शीतयुद्धाच्या त्या दिवसांत त्यावर पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही गटांतील देशांनी सह्या केल्या. पश्चिम जर्मनी आधी कठोर मर्यादांच्या विरोधात होता. स्वतःची वने सुकू लागल्यावर १९८२ मध्ये त्याने भूमिका बदलली आणि १९८३ मध्ये मोठ्या भट्ट्यांसाठी कडक नियम केला. १९८५ च्या हेलसिंकी करारात गंधकाचे उत्सर्जन १९८० च्या तुलनेत ३० टक्क्यांनी घटवण्याचे ठरले; ब्रिटनने त्यावर सही केली नाही. १९९४ च्या ओस्लो करारात याहून समंजस पद्धत आली: सर्वांना एकच टक्केवारी लावण्याऐवजी कोणती जमीन आणि कोणते तळे किती आम्ल सोसू शकते हे मोजायचे आणि त्यावरून देशांच्या मर्यादा ठरवायच्या. दरम्यान ब्रिटनलाही वळावे लागले. ड्रॅक्समध्येच धूर चुनखडीच्या पाण्याने धुणारी यंत्रणा बसली. त्यात गंधक अडकते आणि जिप्सम तयार होते, ज्याचे घरबांधणीसाठी तक्ते बनतात.

१९९० नंतर युरोपीय संघाच्या देशांतील गंधक डायऑक्साइडचे उत्सर्जन ९० टक्क्यांहून अधिक घटले. धूर धुणारी यंत्रणा, कोळशाऐवजी नैसर्गिक वायू, इंधनातले गंधक काढून टाकण्याची सक्ती आणि पूर्व युरोपातील जुन्या, लिग्नाइट हा हलक्या प्रतीचा कोळसा जाळणाऱ्या कारखान्यांची पडझड ही यामागची मुख्य कारणे आहेत. यातले शेवटचे कारण तिथल्या कामगारांना फार महाग पडले, हेही सांगितले पाहिजे. आपल्याकडे वीजकेंद्रांच्या गंधकाविषयी २०१५ च्या डिसेंबरात नियम झाला, मुदती पुन्हा पुन्हा पुढे गेल्या आणि २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना ही यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली, याचे मला मनापासून दुःख आहे.

संयोजकांनी वेळेची चिठ्ठी पाठवली आहे, त्यामुळे ज्यासाठी आपण जमलो तो भाग आता थोडक्यात मांडतो.

युरोपीय संघाचा प्राथमिक ऊर्जावापर २००६ मध्ये शिखरावर पोहोचला आणि त्यानंतर घटत गेला. एकूण ऊर्जावापरातला अक्षय ऊर्जेचा वाटा २००४ मध्ये १० टक्क्यांहून कमी होता, २०२३ मध्ये तो २४ टक्क्यांच्या पुढे गेला, आणि २०३० साठी ४२.५ टक्क्यांचे उद्दिष्ट आहे. २०२४ मध्ये संघात कोळशापेक्षा सूर्यापासून अधिक वीज निर्माण झाली, आणि त्याच वर्षी ३० सप्टेंबरला ब्रिटनने आपले शेवटचे कोळसाकेंद्र बंद केले. हा बदल मोठा आहे आणि वारा व सूर्य यांनी हवेचेही भलेच केले आहे.

मात्र या अक्षय ऊर्जेतील निम्म्याहून अधिक वाटा वाऱ्याचा किंवा सूर्याचा नसून जैविक इंधनांचा, आणि त्यात मुख्यतः लाकडाचा आहे. कोपनहेगनच्या युरोपीय पर्यावरण संस्थेचा हिशेब स्पष्ट आहे: २००५ नंतरच्या अक्षय ऊर्जेच्या वाढीमुळे गंधक आणि नायट्रोजनचे ऑक्साइड घटले, पण लाकूड जाळल्यामुळे सूक्ष्म कण आणि बाष्पनशील सेंद्रिय वायू वाढले. युरोपीय संघातील पीएम २.५ चा, म्हणजे फुप्फुसात खोल जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा, सर्वांत मोठा स्रोत आज घरे आणि इमारती तापवणे हा आहे. ड्रॅक्सही आता कोळसा सोडून मुख्यतः अमेरिका आणि कॅनडातून आणलेल्या लाकडाच्या गोळ्यांवर चालते. त्या लाकडाचा कार्बन धुराड्यापाशी शून्य धरला जातो, कारण तो जिथे झाड तोडले त्या देशाच्या खात्यात मोजायचा असतो. धुरासाठी अशी सोय नाही. तो जिथे निघतो तिथल्याच माणसांच्या छातीत जातो.

पोलंडमधील क्राकोव्ह शहराने हे ओळखले आणि १ सप्टेंबर २०१९ पासून घरांत कोळसा आणि लाकूड दोन्ही जाळण्यावर बंदी घातली. अक्षय म्हणून लाकडाला त्याने वगळले नाही. अक्षय ऊर्जेला अनुदान देताना प्रत्येक इंधनाचा कार्बन आणि त्याचे सूक्ष्म कण एकाच तक्त्यात शेजारी शेजारी मांडावेत, अशी माझी मागणी आहे. तसे केले तर घरगुती लाकडी शेगडी आणि बाहेरची उष्णता विजेच्या साहाय्याने घरात आणणारा उष्णता-पंप यांना एकाच यादीत बसवणे कोणालाही जमणार नाही.

उरला अमोनिया. संघातले त्याचे ९० टक्क्यांहून अधिक उत्सर्जन शेतीतून, म्हणजे जनावरांच्या शेणमुतातून आणि खतांतून होते, आणि हवेत इतर वायूंशी मिळून त्याचे सूक्ष्म कण बनतात. १९९० नंतर गंधक जितके घटले त्याच्या जवळपासही तो घटलेला नाही. वीज कशापासून तयार होते याने त्यात काही फरक पडत नाही, म्हणून त्याचा विचार ऊर्जाखात्यात नव्हे, गोठ्यात आणि शेतात करावा लागेल.