अँडरमाट: खिंडीच्या वाटेवरचे गाव

स्वित्झर्लंडच्या ऊरी प्रांतातील अँडरमाट हे गाव सुमारे १,४४० मीटर उंचीवर वसले आहे. उत्तरेकडून इथे पोहोचायचे, तर रॉइस नदीने ग्रॅनाइट कापून केलेली शोलेनन ही अरुंद घळ पार करावी लागते. तेराव्या शतकात, १२३०च्या आसपास, या घळीवर लाकडी पूल बांधला गेला, कड्याला साखळ्यांनी टांगलेल्या फळ्यांची वाट झाली, आणि २,१०६ मीटर उंचीच्या गोटहार्ड खिंडीतून इटलीकडे जाणारा मार्ग खुला झाला. असा पूल बांधणे माणसाच्या आवाक्यातले नव्हे, या समजुतीतून त्याला सैतानाचा पूल म्हणू लागले. पुढे खेचरांवर माल लादून खिंड ओलांडणे हाच खोऱ्यातील अनेकांचा चरितार्थ झाला.

गावामागच्या उतारावर दिसणारा झाडांचा त्रिकोणी पट्टा नीट पाहावा. उघड्याबोडक्या डोंगरावर एवढीच झाडी उरली आहे, कारण हिमकडे कोसळून गाव गाडले जाऊ नये म्हणून १३९७ साली गावकऱ्यांनी तिथे कुऱ्हाड चालवण्यास लेखी बंदी घातली. सरपणाची सदैव चणचण असलेल्या लोकांनी हा निर्बंध स्वतःवर घालून घेतला, हे मला या गावाच्या इतिहासातील सर्वांत मोठे कर्तृत्व वाटते.

१७०८ मध्ये अभियंता पिएत्रो मोरेत्तीनी यांनी कडा फोडून ६४ मीटरचा बोगदा पूर्ण केला आणि टांगत्या फळ्यांची गरज संपली. सप्टेंबर १७९९ मध्ये याच बोगद्यापाशी आणि पुलावर सेनापती सुवोरोव्हच्या रशियन सैन्याने फ्रेंचांशी झुंज दिली. १८३०पासून घोडागाड्या धावू लागल्या, खानावळी भरभराटल्या.

मग १८८२ साली पंधरा किलोमीटर लांबीचा रेल्वे बोगदा सुरू झाला, तोही अँडरमाटच्या थेट पोटाखालून, सुमारे तीनशे मीटर खोलीवरून. ज्या वाहतुकीवर गाव पोसले होते, ती आता गावाला न शिवता पायाखालून निघून जाऊ लागली. लष्कराची ठाणी आली, म्हणून गाव तगले.

१९४६ मध्ये मात्र गावाच्या अस्तित्वावरच घाला आला. वीजनिर्मितीसाठी धरण बांधून अँडरमाट, होस्पेंटाल आणि रेआल्प ही तिन्ही गावे पाण्याखाली घालण्याची योजना घेऊन आलेल्या अभियंत्याला संतप्त जमावाने अक्षरशः हुसकावून लावले. अखेर ती योजना बारगळली. लष्कराचा वावर ओसरल्यावर, इजिप्तचे उद्योजक समीह साविरिस यांनी लष्कराच्या जुन्या जमिनीवर पर्यटन वसाहत उभारायला घेतली, आणि २०१३च्या डिसेंबरात तिथले पहिले आलिशान हॉटेल सुरू झाले.