बंबाची वाट, शेकरूची वाट
(माहितीपटासाठी निवेदन)

(दृश्य : दस्तुरी नाका, सकाळ. गाड्यांची रांग इथं संपते. पुढे झाडीत शिरणारा रस्ता. एका घोड्याच्या दोन्ही बाजूंना दोरानं बांधलेले गॅसचे सिलिंडर.)

माथेरानला येणाऱ्याची गाडी इथवरच. दस्तुरी नाक्यापासून बाजारपेठ अडीचेक किलोमीटर. ते अंतर पायी कापायचं, घोड्यावरून जायचं, नाहीतर अमन लॉज स्टेशनवरून छोट्या रेल्वेची शटल पकडायची. सामानाचीही तीच तऱ्हा. पीठ, भाजी, गाद्या, सिमेंट, पाण्याच्या बाटल्या, सगळं घोड्याच्या पाठीवर किंवा हातगाडीवर लादून वर जातं. आणि हे सिलिंडरही.

हे सिलिंडर आज दुपारपर्यंत एखाद्या हॉटेलच्या भटारखान्यात पोचतील. तिथं उद्या भडका उडाला तर पाणी किती वेळात पोचेल, आणि ते पोचावं म्हणून डोंगरावरच्या जंगलातलं काय काय द्यावं लागेल? हा प्रश्न एका छोट्या नगरपरिषदेच्या टेबलावर आहे.

(दृश्य : नगरपरिषदेची इमारत, बाजारपेठ, हॉटेलांच्या पाट्या.)

माथेरान गिरिस्थान नगरपरिषद. रायगड जिल्हा, कर्जत तालुका. समुद्रसपाटीपासून साधारण 800 मीटर उंचीवरचं सात-आठ चौरस किलोमीटरचं पठार. 2011 च्या जनगणनेत इथली वस्ती साडेचार हजारांच्या आतच भरली. पण मे महिन्यातल्या एखाद्या शनिवारी संध्याकाळी बाजारातून चालून बघा, स्थानिक माणूस शोधावा लागतो. कर भरणारे थोडे आणि पाहुणे अमाप, अशी ही नगरपरिषद आहे. आणि पाहुण्यांचा पूर येतो तो नेमका गवत वाळून कडकडीत झालेल्या दिवसांत.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 मध्ये हा डोंगर चढून आले आणि मुंबईच्या साहेबलोकांना, शेटलोकांना उन्हाळ्याचा निवारा मिळाला. आदमजी पीरभॉय कुटुंबानं बांधलेली नेरळ-माथेरान रेल्वे 1907 मध्ये सुरू झाली. मोटारीसाठी हे गाव कधी आखलंच गेलं नाही.

पुढे 4 फेब्रुवारी 2003 रोजी केंद्र सरकारनं माथेरान आणि भोवतालचा 214 चौरस किलोमीटरहून थोडा जास्त टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. गावात मोटारींना मनाई कायम राहिली. त्याच अधिसूचनेत अपवादही आहेत, आणि त्यातले दोन आपल्या गोष्टीशी जोडलेले आहेत : रुग्णवाहिका आणि अग्निशमन बंब. म्हणजे कायद्यानं बंबाला वाट दिलेली आहे. प्रश्न उरतो तो मातीतल्या वाटेचा.

(दृश्य : पावसाळ्यातला रस्ता. लाल पाणी, उघडी पडलेली मुळं, घसरणारा घोडा.)

माथेरानची माती जांभ्याची. चार महिने पाऊस अक्षरशः ओततो आणि उतारावरच्या रस्त्यावर घळी पडतात. दर पावसाळ्यानंतर भर टाकायची, पुढच्या पावसात ती दरीत जायची. झाडांची मुळं उघडी पडतात, खोड कलतं, आणि मग ते धोकादायक म्हणून तोडायची वेळ येते. बंब आणायचा म्हटलं तर चाक घळीत अडकतं.

म्हणून क्ले पेव्हर, म्हणजे रस्त्यावर बसवायचे मातीचे ठोकळे, आले. त्यावरून गावात उभे दोन तट पडले. घोडेवाल्यांचं म्हणणं, घोड्याचा पाय घसरतो. निसर्गप्रेमी म्हणत होते की आज पेव्हर आले, उद्या मोटारी येतील. रोज हातरिक्षा ओढणाऱ्यांचं म्हणणं होतं, आमच्या छातीचा विचार कधी करणार? हे वाद सर्वोच्च न्यायालयात गेले. ई-रिक्षांची चाचणी डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाली. 6 ऑगस्ट 2025 रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठानं माणसानं माणसाला ओढण्याची प्रथा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. पेव्हर दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत बसवता येतील, आतल्या वाटांवर नाही, आणि खाली काँक्रीटचा थर घालायचा नाही, म्हणजे पुढेमागे ते काढता येतील, असंही बजावलं.

आम्हाला हा निकाल योग्य वाटतो. माणसाच्या बाजूनं तर आहेच, आग विझवण्याच्या दृष्टीनंही आहे. गावाला एक पक्का कणा मिळाला आणि बाकी वाटा मातीच्याच राहिल्या. आता त्या कण्यापासून आत, पाचशे-सातशे मीटरवर, झाडीत दडलेल्या बंगल्यापर्यंत पाणी कसं न्यायचं, यावर डोकं लावायला हवं. तिथं मोठा बंब जाणार नाही, आणि जावा म्हणून रस्ता रुंद करणं हा उपाय नव्हे. तिथं लांब नळी लागेल, दोन-चार माणसांना ढकलत नेता येईल असा चाकावरचा पंप लागेल, जागोजागी भरलेली टाकी लागेल.

(दृश्य : शार्लोट लेक. मग पंपगृह आणि डोंगर चढणारी जलवाहिनी.)

पाण्याचं म्हणाल तर पठारावर शार्लोट लेक आहे, आणि उल्हास नदीचं पाणी नेरळच्या बाजूनं पंपांनी वर चढवलं जातं. पंप विजेवर चालतात. आग मोठी असेल तर वीज तोडावी लागते, वादळात ती आपणहून जाते. म्हणून आगीसाठीचं पाणी आधीपासून वर साठलेलं हवं, आणि मे महिन्यात हॉटेलच्या नळांना कमी पडलं तरी त्या साठ्याला हात लागता कामा नये. हे लिहायला एक ओळ लागते. भर हंगामात पाळायला नगरपरिषदेला खंबीर राहावं लागतं.

(दृश्य : गार्बटच्या बाजूचा उतार, पिवळं गवत. खाली दूरवर धुराची रेघ.)

आता जंगलाची आग. माथेरानच्या माथ्यावरचं रान निमसदाहरित. जांभूळ, अंजनी, हिरडा, पिसा. दाट सावली, खाली ओलसर पालापाचोळा. हे रान सहजी पेटत नाही. पेटतात ते भोवतालचे उतार. तिथं गवत आहे, पानगळीची झाडं आहेत, वाळलेली कारवी आहे. फेब्रुवारीपासून पहिल्या पावसापर्यंत तिथं ठिणगी पडायचा अवकाश. आणि वणवा चढावर धावतो, कारण ज्वाळांची धग वरच्या गवताला आधीच तापवून ठेवते. खालून निघालेली आग कड्याखाली थांबली तर नशीब, कपारीतून वर आली तर पहिली गाठ पडते ती कड्यालगतच्या हॉटेलाशी.

या आगी बहुतेक माणसानंच लावलेल्या असतात. कुणी नवं गवत लवकर फुटावं म्हणून काडी टाकतं, कुठं राब भाजताना, म्हणजे पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळताना, आग हातची सुटते, कुठं रात्री तंबू ठोकून बसलेल्यांची शेकोटी तशीच राहते. राखीव जंगलात आग लावणं 1927 च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे. पण पायथ्याच्या ठाकूर-कातकरी वाड्यांकडे बोट दाखवून मोकळं होणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की वणवा विझवायला ओल्या फांद्या तोडून पहिल्यांदा धावतात तेही याच वाड्यांतले लोक. वाट त्यांनाच ठाऊक असते. उपग्रहानं टिपलेल्या आगीचा इशारा आता वनखात्याच्या मोबाइलवर येतो, हवा फेकणारे ब्लोअरही आले आहेत. तरी तो ब्लोअर पाठीवर घेऊन कड्यावरून उतरणारा माणूस लागतोच.

इथं नगरपरिषदेची अडचण कळते. उतार वनखात्याचा, जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला गवत काढून मोकळे केलेले पट्टे, काढायच्या त्यांनी. अधिसूचनेच्या पालनावर लक्ष ठेवायला सनियंत्रण समिती वेगळी. तारा वीज कंपनीच्या. रेल्वेची जमीन रेल्वेची. आणि आग लागली की फोन खणखणतो तो नगरपरिषदेत.

(दृश्य : झाडाच्या शेंड्यात शेकरू. कॅमेरा त्याच्यामागून सरकतो. ते रस्त्याच्या कडेला येतं, थबकतं, झेप घेतं. सावकाश गतीत.)

हे पाहा. शेकरू. महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तपकिरी-तांबूस पाठ, फिकट पोट आणि अंगाहून लांब झुपकेदार शेपटी. हे सहसा जमिनीवर उतरत नाही. खाणं, पळणं, पिल्लं वाढवणं, सगळं फांद्यांवर. पानाकाटक्यांचं घरटं बांधतं तेही उंच, बारीक फांद्यांच्या बेचक्यात, आणि एक नाही, बरीच. एका झेपेत पाच-सहा मीटर अंतर तोडतं. त्याहून मोठी फट पडली की त्याच्यासाठी रस्ता संपला. मग एक तर ते अलीकडेच अडकतं, नाहीतर जमिनीवर उतरतं, आणि जमिनीवर कुत्रं असतं.

माथेरानच्या रस्त्यावर वर पाहिलं तर दोन्ही कडांच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या दिसतात. आपण तिला सावली म्हणतो. शेकरूचा आणि वानरांचा तो पूल आहे. बंबासाठी रस्ता मोकळा करायचा असा आदेश निघाला आणि कोयता-करवत घेतलेल्या माणसाला कुणी नीट सांगितलं नाही, तर तो बुंध्यापासून शेंड्यापर्यंत साफ करतो. काम झाल्यासारखं दिसतं, आणि एका दिवसात पूल जातो.

बंबाला चार मीटर उंची पुष्कळ झाली. शेकरूचा पूल त्याच्या बराच वर असतो. खाली झुकलेल्या फांद्या काढायच्या, वरचं छत जोडलेलं ठेवायचं, आणि छाटणीआधी झाडावर घरटं आहे का ते बघायचं. इतकं साधं आहे. महाराष्ट्राचा 1975 चा झाडांच्या जतनाचा कायदा वृक्ष प्राधिकरणाला झाडतोडीच्या परवानगीबरोबर अटी घालण्याचा अधिकार देतो. ‘रस्त्यावरील अडथळा ठरणाऱ्या फांद्या’ इतकंच लिहिण्याऐवजी परवानगीच्या कागदावर मीटर लिहावेत. ठेकेदाराला मीटर कळतात.

विजेच्या तारांनाही हेच लागू. उघड्या तारा आणि वाळक्या फांद्या घासल्या की ठिणगी खालच्या पाचोळ्यात पडते, आणि त्याच तारांवरून जाताना माकडं भाजतात. तारांवर आवरण चढवलं तर आगही टळते, माकडंही वाचतात आणि फांदीही राहते. पैसे जास्त लागतात, पण जिथं जिथं शक्य आहे तिथं हा खर्च आधी करावा.

(दृश्य : बंगल्याचं आवार. बाई खराट्यानं पाचोळा ओढते आहे. कडेला ढीग.)

पाचोळ्यावरून एक जुना वाद आहे. आगीचा विचार करणारा म्हणतो, सगळा झाडून काढा. जंगलाचा विचार करणारा म्हणतो, हात लावू नका, तीच उद्याची माती. दोघांचंही खरं आहे, जागा वेगळ्या आहेत. इमारतीच्या भोवतीचे दहा-बारा मीटर, कौलांच्या पन्हळी, जनरेटरची खोली, सिलिंडरची जागा, इथला पाचोळा रोज उचलला पाहिजे. त्यापलीकडचा रानाचा आहे, तो रानात राहू द्यावा. आणि उचललेला ढीग पेटवायचा नाही. तो खतात गेला पाहिजे.

जुने बंगले हा आणखी एक पेच. जांभ्याच्या भिंती, लाकडी व्हरांडे, लाकडी जिने, मंगलोरी कौलं. वारसा म्हणून त्यांना जपायचं, आणि त्यांची हॉटेलं झाली म्हणून त्यांना बाहेर पडायची दुसरी वाटही हवी. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार हॉटेलमालकानं आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे ‘ब’ नमुना, दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. जुलैत माथेरान निम्मं बंद असतं. जानेवारीचा कागद महत्त्वाचा, कारण त्यानंतर वणव्याचे महिने येतात. तो नुसता फायलीला लावण्यापेक्षा जाऊन नळ सोडून बघावा, पाणी येतं का.

आणि आता ई-रिक्षा आल्या आहेत. आम्ही त्यांच्या बाजूचे आहोत. पण लिथियमची बॅटरी पेटली तर ती बादलीभर पाण्यानं ऐकत नाही, विझली असं वाटल्यावर पुन्हा पेटते. चार्जिंगची जागा झाडांपासून, तबेल्यांपासून आणि बाजारापासून दूर, पाण्याच्या टाकीजवळ असावी. आज जागा ठरवणं सोपं आहे.

(दृश्य : घोड्यांचा तळ. घोडेवाले, हातगाडीवाले, हमाल चहा पितायत.)

बाहेरून मदत यायची तर कर्जत किंवा बदलापूरकडून नेरळचा घाट चढून. तोवर जे काही करायचं ते यांनी. घोडेवाले, हमाल, हॉटेलांतली पोरं, वाड्यांतले तरुण. गावातली प्रत्येक गल्ली, प्रत्येक बंगल्याचं मागचं दार यांच्या पायाखालचं. आग विझवायचं रीतसर शिक्षण आणि त्या दिवसांची मजुरी यांना मिळायला हवी. फुकटच्या समाजसेवेवर गाव सुरक्षित ठेवता येत नाही.

नगरपरिषदेचा अर्थसंकल्प एप्रिल उजाडण्याआधी मंजूर व्हावा लागतो. त्या सभेच्या दिवसांत उतारावरचं गवत वाळलेलं असतं. उंची लिहून केलेली छाटणी, राखीव टाक्या, चाकावरचे पंप, पाचोळ्याचं खत आणि या माणसांची मजुरी, यातलं काहीही शहरांच्या मानानं महाग नाही. फक्त प्रत्येकाला स्वतःचं खातं आणि त्यापुढे रक्कम हवी. ती पानं सभेआधी नागरिकांना बघायला मागता येतात, आणि माथेरानकरांनी ती मागावीत.