तलंग, चकोर आणि रात्रीच्या दहा ओव्या

आमच्याकडे ज्ञानेश्वरी होती, म्हणजे लाल कापडात बांधून देव्हाऱ्याशेजारी होती, वाचत कुणीच नव्हतं. मी दोनदा एकटीने सुरुवात केली आणि दोन्ही वेळा पहिल्या अध्यायातच सोडली, कारण प्रत्येक ओळीला खाली अर्थ बघायचा म्हटलं की दहा मिनिटांत डोकं गरगरतं. मग ठरवलं, रात्री जेवणं झाली की ताटं उचलायच्या आधी दहा ओव्या मोठ्याने वाचायच्या, आज मी, उद्या मुलगा, परवा हे, आणि अडलं तरी थांबायचं नाही.

पहिल्याच आठवड्यात ही ओवी आली. ‘जैसे शारदीयेचिये चंद्रकळे, माजि अमृतकण कोंवळे, ते वेंचिती मनें मवाळें, चकोरतलगें.’ सातवीतला मुलगा विचारतो, तलगें म्हणजे काय? मला माहीत नव्हतं, यांनाही नव्हतं. सासूबाई चौथी शिकलेल्या, भिंतीला टेकून ऐकत बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, “अरे तलंग रे, कोंबडीचं अर्धवट वाढलेलं पिल्लू. आमच्या दारात दहा-बारा असायची, दाणे टाकले की कशी हळूच चोच मारत टिपायची.” झालं! चकोराची पिल्लं चांदण्यातले अमृतकण टिपतायत हे चित्र पोराला जे दिसलं ते मी टीपा वाचून दाखवूच शकले नसते. आणि पुढच्याच ओवीत ज्ञानेश्वर म्हणतात की श्रोत्यांनी ही कथा अशीच, मन हळुवार करून अनुभवावी.

श्रोत्यांनी, वाचकांनी नाही. मंडळी, मला हे फार महत्त्वाचं वाटतं. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 मध्ये हा ग्रंथ नेवाश्याला बोलला गेला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला. नवव्या अध्यायाची सुरुवातच ‘तरी अवधान एकलें दीजे’ अशी आहे, समोर माणसं बसलीयेत, त्यांना नुसतं लक्ष द्या म्हणतायत. ओवीची ठेवणही कानासाठीच आहे बघा, चंद्रकळे, कोंवळे, मवाळें अशी तीन यमकं जुळतात आणि चौथा तुकडा आखूड, यमकाविना, तिथे आवाज आपोआप खाली बसतो. डोळ्यांनी वाचताना हे कळतच नाही हो.

अर्थ सगळा लागतो का? नाही लागत. सहाव्या अध्यायातला योगाचा भाग आम्ही नुसता वाचत गेलो, तिथे सासूबाईंनाही काही सांगता येईना. पण दृष्टांत आला की घर जागं होतं, कारण ते शेतातले, पाण्याचे, आई-लेकराचे असतात, आणि त्या बाबतीत आमच्या घरात सगळ्यात शिकलेलं माणूस म्हणजे सासूबाई, हे मुलाला तेव्हा समजलं. आता तो अडला की पुस्तकातल्या टीपेआधी आजीकडे बघतो.

एकूण ओव्या नऊ हजारांच्या आसपास. रोज दहा धरल्या तर अडीच वर्षं, पण परीक्षा, पाहुणे, ताप-खोकला यात खाडे पडतात, पडू द्या. दोन वर्षं होत आली, आम्ही तेराव्यात आहोत, त्या एकाच अध्यायात अकराशेहून जास्त ओव्या आहेत. आज माझी पाळी होती. इथे यायला निघताना सासूबाईंनी बजावलंय, “तू येईपर्यंत पुस्तक उघडत नाही आम्ही.”