आधी आभार, मग हिशेब

श्रोतेहो, नमस्कार. दिवसाचा शेवट कसा करावा, या प्रश्नाला ख्रिस्ती परंपरेने फार जुने आणि फार लहान उत्तर दिलेले आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्यात झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेला बायबलच्या स्तोत्रसंहितेतील 4, 91 आणि 134 ही तीनच स्तोत्रे नेमून दिली, आणि तीही रोज तीच. रोज तीच असल्यामुळे ती पाठ होत, आणि दिवसभर राबून आलेल्या माणसाजवळ पुस्तक किंवा दिवा नसला तरी अडत नसे. रात्रीच्या प्रार्थनेला नावीन्य लागत नाही, असे माझे ठाम मत आहे. शब्दांची आतषबाजी करणाऱ्या लांबलचक प्रार्थनांनी देवाला काय वाटते ते मी सांगू शकत नाही. ऐकणारे मात्र थकतात, हे मी पाहिलेले आहे.

या तीन स्तोत्रांपैकी चौथे स्तोत्र सांगते की, अंथरुणावर पडल्यावर आपल्या मनाशी बोला आणि स्तब्ध राहा. मनाशी बोलायचे म्हणजे नेमके काय, याची रीत संत इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिली. 1521 मध्ये तोफगोळ्याने पाय मोडलेला हा सैनिक पुढे येशूसंघाचा, म्हणजे जेझुइट धर्मसंघाचा, संस्थापक झाला, आणि त्याच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकाला 1548 मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्यात आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या आहेत: आधी आभार, मग स्वतःला ओळखण्यासाठी कृपेची याचना, मग उठल्यापासूनच्या तासातासाचा हिशेब, मग क्षमा आणि शेवटी सुधारण्याचा निश्चय. श्रोतेहो, क्रम ध्यानात ठेवा. आधी आभार, मग हिशेब.

हा क्रम मी चुकवला होता, आणि ती हकीकत मला सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याच पुस्तकात एखाद्या विशिष्ट दोषासाठी रेघांचा एक तक्ता दिलेला आहे. आठवड्याच्या प्रत्येक दिवसाला रेघांची एक जोडी असते, जितक्यांदा दोष घडेल तितके ठिपके त्या रेघांवर द्यायचे असतात, आणि दोष कमी होत जावा या अपेक्षेने रेघाही दिवसागणिक आखूड होत जातात. कॉलेजात असताना हा तक्ता माझ्या हाती लागला आणि मी हरखून गेलो. माझा दोष ठरलेला होता, तो म्हणजे माणसांना तोडून बोलणे. मी वही घातली, पट्टीने रेघा आखल्या आणि रोज रात्री ठिपके देऊ लागलो. सोमवारी नऊ, मंगळवारी सात, बुधवारी सहा, गुरुवारी चार, आणि शुक्रवारी एकही नाही. त्या कोऱ्या रेघांकडे मी किती वेळ पाहत बसलो असेन, ते सांगायला आज लाज वाटते.

रविवारी ती वही मी एका वृद्ध धर्मगुरूंना दाखवली. शाबासकी मिळेल अशी माझी खात्री होती. त्यांनी चष्मा वर सरकवून पान पाहिले आणि शुक्रवारवर बोट ठेवून विचारले, “या दिवशी तू कोणाकोणाशी बोललास?” मी आठवून सांगितले की, शुक्रवारी मला ताप होता आणि मी दिवसभर पांघरुणात पडून होतो.

“म्हणजे बोलायला कोणी नव्हतेच. मग कपाळावर पट्ट्या कोणी ठेवल्या?”

“ताईने.”

“रात्री उशाशी कोण बसले होते?”

“ताईच.”

त्यांनी वहीची पाने पुढे-मागे चाळली आणि अगदी साधेपणाने विचारले, “मग ती यात कुठे आहे?”

माझ्या वहीत मीच होतो, श्रोतेहो. तासातासाचा हिशेब मांडला होता, आणि जिने रात्र जागून काढली तिच्यासाठी एक रेघही नव्हती. त्या रात्री मी पहिल्यांदा पहिल्या पायरीपासून सुरुवात केली, आणि आभारांची यादी इतकी वाढली की ठिपक्यांपर्यंत पोहोचायला उशीर झाला. सकाळी ताईला जाऊन म्हणालो, “तू त्या दिवशी जागलीस, त्याचे आभार मानायचे राहिले होते.” तिने केस विंचरता विंचरता विचारले, “कोणत्या दिवशी?”

उरलेल्या पायऱ्यांविषयी फार सांगण्याची गरज नाही. आभार मानून झाले की दिवसातले कटू प्रसंग आपोआप वर येतात, कारण ज्याच्याकडून पुष्कळ मिळाले त्यालाच आपण दुखावले आहे, हे तेव्हा दिसते. सूर्य मावळण्याआधी राग सोडा, असे प्रेषित पौलाने इफिसकरांस, म्हणजे इफिस शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, लिहिले आहे, तेव्हा रात्री निदान तेवढे देणे फेडावे. स्तोत्रकर्ता अंथरुणावर पडून मनाशी बोलायला सांगत असला, तरी मी आपणांस खुर्ची सुचवीन. अंथरुणावर परीक्षण दुपारपर्यंतही पोहोचत नाही.

या प्रार्थनेच्या अखेरीस “मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो” हे 31 व्या स्तोत्रातले वचन म्हणण्याची जुनी प्रथा आहे. लूकच्या शुभवर्तमानाप्रमाणे येशूने वधस्तंभावर हेच शब्द उच्चारले. मी मात्र ते वचन शेवटपर्यंत राखून ठेवत नाही. आभार मानून झाले की लगेच म्हणून घेतो, कारण पुढच्या हिशेबात मला पुष्कळदा खुर्चीवरच झोप लागते.