अ‍ॅकॉर्डियन : भात्याच्या बाजूने

श्रोतेहो, नमस्कार.

अ‍ॅकॉर्डियन वाजवणाऱ्याकडे पाहताना आपली नजर त्याच्या उजव्या हाताकडे जाते, कारण बोटांची धावपळ तिथे दिसत असते. पण या वाद्याचा खरा कारभार डाव्या हाताकडे असतो, आणि तोही बोटांपेक्षा भाता उघडणाऱ्या-मिटणाऱ्या दंडाकडे अधिक. आज मी या वाद्याचा आणि ते जिथे जिथे रुजले त्या समाजांचा विचार भात्याच्या बाजूने करणार आहे.

वाद्याच्या आत खाचा पाडलेल्या धातूच्या छोट्या पट्ट्या असतात आणि प्रत्येक खाचेवर पोलादाची एक पातळ जिभली एका टोकाने घट्ट बसवलेली असते. कळ दाबली की झडप उघडते, हवा खाचेतून जाऊ लागते आणि जिभली थरथरून सूर निघतो. हार्मोनियममध्येही अशीच रीड असते, म्हणून ही दोन्ही वाद्ये एकाच कुळातली. मात्र अशी जिभली एकाच दिशेच्या हवेने बोलते, त्यामुळे अ‍ॅकॉर्डियनमध्ये पट्टीच्या दोन्ही अंगांना एकेक जिभली लागते : एक भाता ओढताना वाजणारी, दुसरी मिटताना. आणखी एक फरक अधिक महत्त्वाचा आहे. हार्मोनियमच्या पोटात हवा साठवणारा दुसरा भाता असतो, त्यामुळे हाताचा धक्का सुरापर्यंत पोहोचेतो बराचसा विरून जातो. अ‍ॅकॉर्डियनला असा साठा नाही. दंडाचा प्रत्येक दाब आणि प्रत्येक ढिलाई त्याच क्षणी ऐकू येते. व्हायोलिनमध्ये गज जे काम करतो, ते इथे भाता करतो.

सिरिल डेमियन या अर्मेनियन वंशाच्या कारागिराने १८२९ मध्ये व्हिएन्नात या वाद्याचे पेटंट घेतले. त्याच्या वाद्यात एक कळ दाबली की अख्खा स्वरमेळ, म्हणजे एकत्र वाजणारे अनेक सूर, वाजे, म्हणजे ते मुळात साथीचे वाद्य होते. पुढे १८६० च्या दशकात पाओलो सोप्रानी याने इटलीतल्या कास्तेलफिदार्दो येथे अ‍ॅकॉर्डियन बनवायला घेतले आणि ते गाव या धंद्याचे माहेरघर झाले. पियानोसारख्या एक्केचाळीस पट्ट्या आणि डाव्या बाजूला खर्जाची एकशे वीस बटणे असलेले जे मोठे वाद्य आपल्या डोळ्यांसमोर येते, ते या प्रवासात बरेच नंतर आले. जगभर आधी पसरले ते बटणांचे लहान अ‍ॅकॉर्डियन, आणि माझ्या मते सर्वांत रंजक कथा त्याचीच आहे.

या लहान वाद्यात एकच बटण भाता ओढताना एक सूर देते आणि मिटताना दुसरा. वरवर पाहता ही अडचणच, कारण साधी सुरावट वाजवायची तरी दंडाला सारखी दिशा बदलावी लागते. पण दिशा बदलली की आवाज क्षणभर तुटतो, पुढचा सूर आघाताने सुरू होतो, आणि हे आघात नाचणाऱ्याच्या पावलांना नेमके हवे असतात. अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात फ्रेंच भाषक समाजांनी हे वाद्य आपलेसे केले. १९२९ पासून ध्वनिमुद्रिकांवर ऐकू येणारा कृष्णवर्णीय क्रिओल वादक अमेदे आर्दोंआ याच्या वादनात सुरावट आणि ठेका वेगळे काढताच येत नाहीत. टेक्सासमध्ये जर्मन आणि चेक वसाहतकऱ्यांचे पोल्का हे नाच मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांनी उचलले. तिथल्या नार्सिसो मार्तिनेसने खर्जाचे काम बाहो सेक्स्तो या बारा तारांच्या वाद्यावर सोपवून उजव्या हाताची सुरावट मोकळी केली. कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्याकडच्या प्रदेशात छोटा ढोल आणि खरवडून वाजवायची गुआचाराका यांच्या जोडीला अ‍ॅकॉर्डियन येऊन वायेनातो संगीत उभे राहिले. तिथल्या वायेदुपार शहरातल्या महोत्सवात १९६८ पासून वादकांची स्पर्धा होते, आणि तिचा पहिला ‘राजा’ होता आलेहो दुरान. आफ्रिकेतल्या लेसोथोत खाणींवर मजुरीला जाणाऱ्यांच्या ‘फामो’ गाण्यांनाही याच वाद्याची साथ आहे.

या यादीत दरबार किंवा संगीतशाळा कुठेच नाही, आणि ते साहजिक आहे. अ‍ॅकॉर्डियन खांद्याला अडकवून नेता येते, रोज सुरात लावावे लागत नाही, गोंगाटातही ऐकू येते, आणि सुरावट, स्वरमेळ व ठेका या तिन्ही गोष्टी एकच माणूस सांभाळतो. घर सोडून कामाला निघालेल्याला यापेक्षा सोयीचे वाद्य मिळणे कठीण होते. जाणकार म्हणवणाऱ्यांनी पुढे त्याला ‘गावठी’ म्हणून नाके मुरडली, त्यात कानापेक्षा वर्गाचा अभिमान अधिक होता असे मला वाटते. अर्थात कष्टकऱ्यांच्या वस्तीतही त्याचे स्वागत लगेच झाले नाही. पॅरिसमध्ये ओव्हेर्न्य प्रांतातून आलेले बॅगपाइपवादक इटालियन स्थलांतरितांच्या अ‍ॅकॉर्डियनवर आधी चिडून होते. मग आंत्वान बुस्काटेल या बॅगपाइपवादकाने शार्ल पेगुरीच्या अ‍ॅकॉर्डियनला साथीला घेतले, आणि पेगुरी त्याचा जावईसुद्धा झाला. नाचघरांतून बॅगपाइप हळूहळू मागे पडले, बॅगपाइपवरून आलेले ‘म्युझेत’ हे जुने नाव मात्र या नाचसंगीताला चिकटून राहिले. त्या शैलीतला थरथरता आवाज ही बोटांची करामत नाही. एकाच सुराच्या दोन-तीन रीड मुद्दाम किंचित वर-खाली लावलेल्या असतात, त्यांची स्पंदने एकमेकांत मिसळून तो निर्माण होतो.

हिंदी चित्रपटसंगीताने पियानो-अ‍ॅकॉर्डियन घेतले, तेही असेच आपल्या गरजेप्रमाणे. गुडी सीरवाई, केरसी लॉर्ड, इनॉक डॅनियल्स अशा वादकांनी गाण्याच्या दोन ओळींमधल्या जागा या वाद्याने भरल्या, आणि आपल्यापैकी अनेकांनी वादकाचे नाव न कळताच त्या मनात जपल्या.

मैफलीच्या व्यासपीठावर या वाद्याला उशिरा जागा मिळाली. चायकोव्हस्कीने १८८३ मध्ये एका वाद्यवृंद-रचनेत चार अ‍ॅकॉर्डियन घातली होती खरी, पण तो अपवाद होता. खरी अडचण डाव्या हाताची होती : तिथल्या बटणांवर तयार स्वरमेळ वाजत, स्वतंत्र सुरावट वाजवणे जवळजवळ अशक्य. डाव्या हातालाही सुटे सूर देणारी रचना रूढ झाल्यावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डेन्मार्कच्या मोगेन्स एलेगार्डने संगीतकारांकडून नव्या रचना लिहवून घेतल्या. रशियात बायान या बटणांच्या अ‍ॅकॉर्डियनसाठी फ्रिडरिख लिप्सने तेच केले. सोफिया गुबायदुलिना हिने १९७८ मध्ये बायानसाठी लिहिलेल्या ‘दे प्रोफुंदिस’ या रचनेत, कोणताही सूर न वाजवता नुसती हवा सोडायचे जे बटण वादक एरवी श्रोत्यांच्या नकळत वापरतो, त्याचाच आवाज संगीत म्हणून योजला आहे. ही रचना ऐकायला मिळाली तर जरूर ऐका. नमस्कार.