कपाटातली शेवाळशेती

(दृश्य : रात्रीचा दिवाणखाना. प्रवाळांची मोठी टाकी अंधारात आहे. तिच्याखालच्या कपाटाच्या फटीतून उजेडाची रेघ जमिनीवर पडली आहे.)

वरच्या टाकीचे दिवे रात्री नऊला मालवले, त्याच वेळी टायमरने खालच्या कपाटातला दिवा लावला, आणि आता पहाटेचे दोन वाजत असताना घरातली सर्वांत उजेडाची जागा म्हणजे हे कपाट आहे.

आत जी काचेची पेटी दिसते तिला संप म्हणतात. वरच्या टाकीतून ओसंडणारे खारे पाणी नळीने तिच्यात उतरते, एकेक कप्पा ओलांडते आणि पंपाच्या जोरावर पुन्हा वर चढते. यांपैकी मधल्या कप्प्याला रेफ्युजियम म्हणतात. शब्द लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ आश्रयस्थान असा आहे. वरचा पिवळा टँग मासा शेवाळाची कोवळी पात दिसताच ती ओरबाडून खातो. त्याचे तोंड इथवर पोहोचत नाही, म्हणूनच या कप्प्यात शेवाळ टिकते आणि त्याच्या गुंत्यात कोपेपॉड आणि अँफिपॉड या चिमुकल्या कवचधारी जिवांची वीण निर्धास्त वाढते. शेवाळाकडून पाणी शुद्ध करून घेण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे वॉल्टर एडी यांनी १९८० च्या सुमारास प्रवाळांच्या टाक्यांसाठी याच तत्त्वावर चालणारी यंत्रणा तयार केली होती.

(दृश्य : ओल्या तळहातावर हिरव्या तंतूंचा पुंजका.)

हे कीटोमॉर्फा नावाचे शेवाळ. शौकीन मंडळी त्याला नुसते कीटो म्हणतात. हाताला ते भांडी घासायच्या नायलॉनच्या जाळीसारखे खरखरीत लागते. भिंगाखाली पाहिले तर प्रत्येक तंतू म्हणजे एकीपुढे एक लागलेल्या पेशींची रांग असते आणि तिला कुठेही फांदी फुटलेली नसते. या मोकळ्या तरंगणाऱ्या प्रकाराला खडकाला चिकटण्याचीही गरज लागत नाही, त्यामुळे हवे तेव्हा ओंजळभर उचलता येते.

पहिलीच टाकी लावणारे बहुतेक जण रेफ्युजियमकडे गाळणी म्हणून पाहतात, आणि फसतात ते तिथेच. गाळणी एकदा बसवली की आपले काम करत राहते; पिकाला मात्र खत, ऊन आणि वेळेवर कापणी लागते. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट साठते, शेवाळ ते शोषून आपले अंग वाढवते, आणि ते अंग कापून बाहेर काढले तरच नायट्रेट टाकीबाहेर जाते. न कापता ठेवलेले शेवाळ सावलीत कुजले की घेतलेले सगळे पाण्याला परत करते. हिशेब ढोबळमानाने असा मांडता येईल : पिळून काढलेल्या १०० ग्रॅम कीटोत सुका भाग साधारण १० ग्रॅम असतो, त्यात नायट्रोजन सुमारे ३ टक्के धरला तर ०.३ ग्रॅम भरतो, आणि नायट्रेटच्या भाषेत तो १.३ ग्रॅम होतो. पाणी ४०० लिटर असेल तर एवढ्या एका कापणीने नायट्रेट लिटरमागे ३ मिलिग्रॅमहून थोडे अधिक उतरते.

याच हिशेबात एक अडचण दडलेली आहे आणि तिच्यापायी पुष्कळ पिके बुडतात. अ‍ॅटकिन्सन आणि स्मिथ या संशोधकांनी १९८३ मध्ये समुद्रतळावरील वनस्पतींची जी सरासरी मांडली, तिच्यात फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे ३० अणू आणि कार्बनचे ५५० अणू येतात. वजनात बोलायचे तर साधारण २० भाग नायट्रेट लागते तेव्हा फॉस्फेटचा एक भाग खर्च होतो. त्यामुळे फॉस्फेट भरपूर असूनही नायट्रेट आधी संपते आणि वाढ तिथेच थांबते. आमच्या पहिल्या प्रयत्नात नेमके हेच घडले. पाण्यातली घाण फेसावाटे काढणारा स्किमर जोरात चालू होता, मासे मोजके होते, नायट्रेटची चाचणी शून्य दाखवत होती आणि आम्ही त्या शून्यावर खूश होतो. तीन आठवड्यांत पुंजका आधी पोपटी, मग पांढुरका झाला आणि बोटांत धरताच तुटू लागला. तेव्हा आम्ही दिवा बदलला, जो बदलण्याचे काहीच कारण नव्हते. पिकाला हवे होते खत. नायट्रेट लिटरमागे ५ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅम यांच्या आसपास राहू दिले तर कीटो तरतरीत राहते. नायट्रेट त्याखाली गेले तर माशांना थोडे अधिक खाऊ घालावे किंवा सोडियम नायट्रेटचे द्रावण थेंबाथेंबाने द्यावे. गडद हिरवा रंग उतरू लागला आणि नायट्रेट तर पुरेसे आहे असे दिसले, तर संशय लोहावर आणि मँगॅनीजवर घ्यावा, कारण ही द्रव्ये शेवाळ फार लवकर संपवते. क्षारांचे प्रमाण आणि तापमान मात्र प्रवाळांना मानवते तेच याला मानवते : विशिष्ट गुरुत्व १.०२५, तापमान २५ अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि अल्कलिनिटी, म्हणजे सामू स्थिर राखण्याची पाण्याची क्षमता, ८ ते ९ डीकेएच (तिचे एकक).

दिव्याबद्दल फार बोलण्याची गरज नाही. हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश अधिक शोषते, म्हणून बाजारात गुलाबी उजेडाचे महागडे दिवे मिळतात आणि ते चालतातही. पण घरगुती पांढऱ्या एलईडी फ्लडलाइटवर आम्ही तितकेच पीक काढले आहे. दिवा रात्री लावण्याचे कारण मात्र समजून घेण्यासारखे आहे. अंधारात प्रवाळ, मासे आणि जिवाणू श्वसन करतात, कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरतो आणि दिवसा ८.३ असलेला सामू पहाटेपर्यंत ७.९ वर येऊ शकतो. त्याच वेळी खाली शेवाळाचे प्रकाशसंश्लेषण चालू असेल तर ते हा वायू उचलते आणि घसरण सौम्य होते. एसीसाठी खिडक्या बंद असणाऱ्या शहरी घरांत, जिथे खोलीतल्या हवेतच हा वायू साचलेला असतो, तिथे याचा उपयोग विशेष जाणवतो.

(दृश्य : पाण्याच्या झोतात सावकाश गरगरणारा पुंजका.)

पुंजका असा फिरत राहावा इतका प्रवाह हवा. एकाच जागी बसला तर वरच्या थराच्या सावलीत खालचा थर तपकिरी होतो आणि मधल्या पोकळीत गाळ साचतो. सुटे तंतू परतीच्या पंपात अडकतात, म्हणून कप्प्याच्या तोंडाशी प्लॅस्टिकची जाळी बसवलेली आहे. सुरुवातीला बेणे सढळ हाताने टाकावे. चिमूटभर टाकले तर काचेवरचे केसाळ शेवाळ आधी माजते आणि कीटोलाच गुंडाळून टाकते.

कीटोऐवजी काही जण कॉलर्पा नावाचे शेवाळ लावतात. ते दिसायला फार देखणे असते आणि वाढतेही झपाट्याने. मात्र त्याचा अख्खा पसारा, वीतभर लांब धावणारा देठ आणि त्यावरची पिसासारखी पाने धरून, मधे भिंती नसलेली एकच पेशी असते, आणि प्रजननाची वेळ आली की ही पेशी आतला सगळा ऐवज युग्मकांच्या, म्हणजे प्रजननपेशींच्या, रूपात पाण्यात सोडून देते. रात्री हिरवीगार असलेली वेल सकाळी काचेसारखी पारदर्शक दिसते आणि पाणी हिरवट दुधाळ होते. अशा सकाळी टाकीतला प्राणवायू घटतो आणि इतके दिवस साठवलेले नायट्रेट एका फटक्यात परत येते.

या शेवाळाने टाकीबाहेरही इतिहास घडवला. १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरविज्ञान संग्रहालयासमोर समुद्रात कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा एक लहान ठिपका आढळला. मत्स्यालयांत वाढवलेला हा वाण पुढे भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर हजारो हेक्टरांत पसरला. २००० मध्ये तो कॅलिफोर्नियातील अ‍ॅग्वा हेडिओंडा खाजणात सापडला. तिथे तो ताडपत्रीखाली झाकून क्लोरिनने मारण्यात आला, आणि संपूर्ण निर्मूलन झाल्याचे जाहीर व्हायला २००६ उजाडले. कोकणच्या खडकांवर ओहोटीला कॉलर्पाच्या देशी जाती दिसतात, पण त्यामुळे टाकीतला वाण खाडीत सोडायला मोकळीक मिळत नाही, आणि मालवणसारख्या सागरी अभयारण्यातून बेणे उपटून आणणेही योग्य नाही.

(दृश्य : सकाळ. कपाट उघडे, शेजारी बादली आणि तराजू.)

दर दोन आठवड्यांनी येणारा कापणीचा दिवस आज आहे. पुंजक्याचा निम्मा भाग हाताने सोडवून काढायचा आणि टाकीच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत तीन-चार वेळा झटकायचा. बादलीच्या तळाशी आता जे पांढरे ठिपके धावताना दिसतात ते कोपेपॉड आहेत. त्यांना पाण्यासकट वरच्या टाकीत ओतले की छोटा मँडरिन मासा दगडाआडून बाहेर येतो. पिळलेले शेवाळ तराजूवर २१० ग्रॅम भरले. मागच्या खेपेला ते १६० होते. काढलेल्यातली एक पेंढी टँगला खायला घालण्याचा मोह होतो, पण तसे केल्यास तेवढे नायट्रेट पुन्हा पाण्यातच येते. म्हणून सगळे शेवाळ गच्चीवरच्या पत्र्यावर कडकडीत वाळेपर्यंत पसरून ठेवले जाते आणि मगच कचऱ्यात जाते. ओले असताना ते मोरीतही टाकले जात नाही. वहीत तारीख आणि वजन लिहून होते तोवर टायमर खटकन वाजतो, खालचा दिवा मालवतो आणि वरचे दिवे लागतात.