तिसरं पेडल काढण्याआधी

ट्रक रॅम्पवर चढलाय. जुना गिअरबॉक्स खाली उतरलाय, प्रेशर प्लेट आणि क्लच प्लेट बाजूला पडल्यात. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, टोकाला उरलंय फ्लायव्हील, क्लच ज्यावर टेकतो ते जड चाक, आणि तेही आता निघेल. कामाचा मॅन्युअल ट्रक ऑटोमॅटिक करायचा, तर खरी सुरुवात इथून होते.

एवढा खटाटोप कोण करतं? ज्यांची गाडी दिवसभर दर दोन मिनिटांनी थांबते ते. कचरा उचलणारी, दारोदार माल टाकणारी गाडी ड्रायव्हरच्या डाव्या गुडघ्याचा हिशेब संध्याकाळी मागते. कधी एकाच ट्रकवर चार हात फिरतात आणि प्रत्येकाच्या हाफ क्लचची सवय प्लेट भोगते. कधी डाव्या पायात तेवढं बळच उरलेलं नसतं. कारणं पटण्यासारखीच आहेत. पण गिअरबॉक्स बदलला की काम झालं, हा समज महागात जातो.

फ्लायव्हीलच्या जागी येते ही पातळ पोलादी चकती, फ्लेक्सप्लेट. सेल्फचे दात हिच्याच कडेवर असतात आणि टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे ऑटोमॅटिकमध्ये क्लचची जागा घेणारा तेलाने भरलेला डबा, हिलाच बोल्टने आवळला जातो. क्रँकच्या भोकात जुनं पायलट बेअरिंग (जुन्या गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक पेलणारं) राहिलं असेल, तर बहुतेक इंजिनांत ते काढावं लागतं, कारण कन्व्हर्टरचं नाक तिथेच बसतं.

आता नीट बघा. कन्व्हर्टर आधी गिअरबॉक्सवर चढवतात. तो हलके फिरवत आत ढकलायचा. एकेक स्प्लाइन (शाफ्टवरच्या खाचा) पकडली की तो एकेक टप्पा आत सरकतो, आणि शेवटचा टप्पा तेलाच्या पंपाचा. तो टप्पा न गाठताच बेल हाउसिंगचे (गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या कवचाचे) बोल्ट आवळले, तर पंप फुटतो. इंजिन सुरूही न होता नवा गिअरबॉक्स पुन्हा खाली. म्हणून हाउसिंग इंजिनला टेकल्यावरही कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे. फिरत नसेल तर पाना खाली ठेवायचा.

हा कन्व्हर्टर करतो काय? इंजिनच्या बाजूचं चक्र तेल भिरकावतं, त्या तेलाने गिअरबॉक्सच्या बाजूचं चक्र फिरतं, आणि मधला स्टेटर परतीच्या तेलाची दिशा वळवतो. त्यामुळे गाडी सुटताना टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, साधारण दुप्पट होतो. जुन्या अमेरिकन ट्रकांतल्या एसएम ४६५ या मॅन्युअल बॉक्सचा पहिला गिअर ६.५५ चा, म्हणजे इंजिनच्या साडेसहा फेऱ्यांत बॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टची एक फेरी. १९६४ साली आलेल्या टर्बो हायड्रामॅटिक ४०० या ऑटोमॅटिकचा पहिला गिअर फक्त २.४८ चा. भरलेला ट्रक यावर हलणार कसा, असं कागद बघून वाटतं. पण कन्व्हर्टरची दुप्पट धरली की आकडा पाचच्या आसपास जातो. फरक उरतोच, पण ट्रक निघतो.

ही दुप्पट फुकट मिळत नाही. कन्व्हर्टर जितका घसरतो, तितकी इंजिनची ताकद तेलात उष्णता होऊन जाते. मॅन्युअलमध्ये झीज प्लेटवर यायची. इथे ती तेलावर येते. चाकं जागच्या जागी आहेत आणि ॲक्सिलरेटर दाबलेला आहे, तेव्हा तर सगळीच ताकद उष्णता होते. समजा ६० किलोवॅट आत जाताहेत आणि गिअरबॉक्समध्ये ८ किलो तेल आहे. नुसतं तेलच तापतंय असं धरलं, तर दर सेकंदाला तापमान साडेतीन अंशांहून जास्त चढेल. काही उष्णता धातू शोषतो हे खरं, पण स्टॉल टेस्ट (ब्रेक दाबून, गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून बघणं) पाच सेकंदांत आटपा असं मेकॅनिक सांगतात ते उगीच नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: या कामात पैसे वाचवायचे असतील तर कुठेही वाचवा, ऑइल कूलरवर नको. ८० ते ९५ अंशांत तेल सुखात असतं. १२० च्या वर ते जळकट होऊ लागतं, सील कडक होतात. रेडिएटरमधला अंगचा कूलर हलक्या गाडीला पुरतो. ओझं वाहणाऱ्या ट्रकला पुढे हवेत वेगळा कूलर आणि डॅशबोर्डवर तेलाच्या तापमानाचा काटा हवाच. दुसऱ्या गाडीतून काढलेला गिअरबॉक्स असेल, तर त्याच्यासोबत आलेला कूलर वापरू नये. आतला धातूचा चुरा कितीही धुतला तरी पूर्ण निघत नाही.

इंजिन डिझेल असेल तर आणखी एक पेच. डिझेलचा जोर कमी आरपीएमवर येतो, त्यामुळे कन्व्हर्टरही कमी स्टॉल स्पीडचा, म्हणजे चाकं अडलेली असताना इंजिनला कमी आरपीएमवरच रोखणारा, लागतो. पेट्रोल गाडीतला उचलून बसवला, तर तो नको तिथे घसरत राहतो आणि तेल पुन्हा तापतं.

खालची कामं मेहनतीची आहेत, पण अवघड नाहीत. नव्या बॉक्सची लांबी वेगळी, म्हणून क्रॉसमेंबर (गिअरबॉक्स पेलणारी आडवी पट्टी) सरकवायचा, प्रोपेलर शाफ्ट कापून बॅलन्स करायचा, त्याचा कोन तपासायचा.

वायरिंगला मात्र वेळ द्या. गाडी फक्त पार्क किंवा न्यूट्रलमध्येच सेल्फ घेईल अशी जोडणी करावी लागते. घाईत ही वायर सरळ जोडून देणारे असतात. मग गिअरमध्ये उभा असलेला ट्रक चावी फिरवताच पुढे झेपावतो, आणि समोर माणूस असू शकतो. इलेक्ट्रॉनिक बॉक्सला ॲक्सिलरेटर किती दाबलाय हेही कळावं लागतं. जुन्या मेकॅनिकल इंधन पंपाच्या डिझेलला तो सेन्सरच नसतो, तो इंधन पंपाच्या लिव्हरवर बसवावा लागतो.

जमेल तर हे सगळं एकाच अपघातग्रस्त ऑटोमॅटिक ट्रकमधून घ्यावं: पेडल, लिव्हर, शाफ्ट, हार्नेस, कंट्रोलर. सुटे भाग जमवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. नोंदणीचे नियम काय म्हणतात, हे पहिला बोल्ट खोलण्याआधीच विचारून घ्यावं.

रस्त्यावर आल्यावर ड्रायव्हरच्या सवयीही बदलतात. चढावर ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडी तोलून धरायची नाही, ब्रेक दाबायचा. उतारावर आधी हँडब्रेक, मग पार्क, नाहीतर सगळं ओझं आतल्या एका छोट्या खिट्टीवर लटकतं. बॅटरी बसली तर धक्का मारून गाडी सुरू होणार नाही, कारण तेलाचा पंप इंजिनच फिरवतं, आणि तेलाच्या दाबाविना चाकं इंजिनला फिरवू शकत नाहीत. आणि टोचन करून न्यायची वेळ आली, तर मागची चाकं उचलायची किंवा प्रोपेलर शाफ्ट सोडवायचा. इंजिन बंद असताना चाकांनी आतले गिअर फिरवले, तर ते तेलाविना फिरतात.